गौरव म्हणजे वजन

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं प्रत्येकाच्या मुखीं एकच शब्द आहे : देवाचा गौरव. तो आपण कोणत्या अर्थानें उच्चारतों, याचा घटकाभर विचार करावा असें आम्हांस वाटलें.

प्राचीन इब्री लोक देवाच्या गौरवास 'कावोद' म्हणत. त्याचा मूळ अर्थ वजन, जडपणा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथें पवित्र शास्त्राचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें, तेव्हां त्यासाठीं 'दोक्सा' हा शब्द योजिला गेला. ग्रीकांच्या व्यवहारांत त्याचा अर्थ मत, लौकिक. लॅटिन 'ग्लोरिआ' म्हणजेहि कीर्तिच. आमची मराठी मात्र इब्रीच्या शेजारीं बसते. कारण 'गौरव' हा शब्द 'गुरु', म्हणजे जड, यापासून झाला आहे. संत पौलानेंहि करिंथकरांस दुसऱ्या पत्रांत लिहितांना सार्वकालिक गौरवास भार म्हटलें आहे. लौकिक वाऱ्यावर उडतो; वजन जागा सोडीत नाहीं.

हा भेद आपल्याच किनाऱ्यावर दिसतो. १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं चौलच्या खाडीमुखाशीं, आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधावयास घेतला. १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्यांनीं परतविला. १५९४ सालीं समोरचा कोर्लईचा किल्लाहि घेतला. रेवदंड्याच्या तटाआंत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघी व ऑगस्टिनियन यांचीं देवळें उभीं राहिलीं. देवाचा गौरव आणि राजाची कीर्ति एकाच गलबतांतून उतरलीं, हें आपण लपवूं नये. १७४० सालीं दोन्ही किल्ले मराठ्यांकडे गेले. आज सातखणी मनोऱ्याचे सातहि मजले उरलेले नाहींत, आणि देवळांच्या पडक्या भिंती नारळीच्या वाड्यांत उभ्या आहेत.

ऐपतदार होते ते निघून गेले. कोर्लईस राहिले ते बहुतेक गरीब. त्यांच्यापाशीं तोफ नव्हती, सनद नव्हती. तरी श्रद्धा त्यांनीं सोडिली नाहीं. पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफाची त्यांची बोली त्या गांवांत आजहि बोलली जाते, आणि माउंट कार्मेलच्या मातेच्या देवळांत आजहि प्रार्थना होते. पडले तें वैभव. टिकलें तें वजन.

संत योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभूचा गौरव त्याच्या दुःखसहनाच्या घटकेशींच जोडिला आहे. म्हणूनच कीं काय, उपवासकाळाच्या रविवारीं ग्लोरिआ स्तोत्र मिसेंत म्हणत नाहींत. पास्काच्या रात्रीं तें घंटानादासह पुन्हां उमटतें.

प्रिय धर्मबंधु-भगिनींनो, महोत्सवाची रोषणाई चार दिवसांनीं उतरेल, पताका गुंडाळून ठेविल्या जातील. त्यानंतर सायंकाळीं घरांत जपमाळ होते कीं नाहीं, भांडलेले भाऊ एका ताटावर बसतात कीं नाहीं, आजाऱ्याच्या उशाशीं कोणी जातो कीं नाहीं, यावरून आपण देवास दिलेल्या गौरवाचें वजन कळेल. तें वजन आपल्या हातून कमी न भरो, हीच आमची प्रार्थना.