भुसावळला गाडी बदलायची होती

पादचारी पुलावरून भुसावळ स्टेशनात उतरताना तुमचं लक्ष आधी पाटीकडे जातं. कुठली गाडी, कुठला फलाट. जंक्शनच्या गावात ही सवय लागतेच. मुंबईकडून आलेली लाइन इथं फुटते. एक फाटा खांडवा-इटारसीवरून उत्तरेला जातो, दुसरा मलकापूर-अकोल्यावरून नागपूरला. पूर्वी खांडव्याकडून येऊन अकोल्याला जायचं असेल तर इथं उतरावं लागे, सामान उचलून दुसरी गाडी धरावी लागे. एवढं ध्यानात ठेवा आणि पुलाच्या शेवटच्या पायरीवर थांबा. पाऊल खाली टेकेल तेव्हा तारीख असेल ११ सप्टेंबर १९२९, वार बुधवार.

आधी नाकात शिरतो तो दगडी कोळशाचा धूर. मग ओल्या गोणपाटाचा वास, पिकल्या केळ्यांचा वास. भादव्याचा उकाडा अंगाला चिकटतो. घरोघरी गौरी-गणपती बसलेत, त्यामुळे फलाटावर बोचकी आणि लेकुरवाळ्या बायाच जास्त. पाणी भरायला जाल तर ‘हिंदू पाणी’ वेगळं आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं. तुम्ही उभे आहात तो जिल्हा पूर्व खानदेश. जळगाव हे त्याचं मुख्य ठाणं, आणि धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. स्टेशन जी.आय.पी. रेल्वेचं. अर्धं गाव तिच्या भोंग्यावर उठतं आणि जेवतं.

खांडव्याकडून गाडी येऊन थांबलीय. तिच्यातून उतरणाऱ्यांत विशीतली दोन पोरं आहेत. एक भगवानदास माहौर, ग्वाल्हेरच्या कॉलेजात शिकणारा. दुसरा सदाशिवराव मलकापूरकर, झाशीचा, मराठी घरातला. दोघंही चंद्रशेखर आझादांचे विश्वासू. त्यांच्याजवळ जे सामान आहे ते अकोल्याला राजगुरूंकडे पोहोचवायचंय.

हे सामान एवढं मोलाचं का, ते समजून घ्या. पोलीस अधिकारी सँडर्सचा वध होऊन नऊ महिने झालेत. एप्रिलमध्ये दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त स्वतःहून पोलिसांच्या हाती गेले. त्यानंतर धरपकडीत या सगळ्यांच्या क्रांतिकारी पक्षाचे बॉम्बचे कारखाने गेले, माणसं गेली, काही माणसं फुटली. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास उपोषणाला बसलेत, परवा १३ तारखेला त्यांचा प्राण जाणार आहे. आझाद बाहेर आहेत, राजगुरू बाहेर आहेत, आणि उरलंसुरलं बळ या दोघा पोरांच्या सामानात बांधलेलं आहे.

त्यांना पकडायला कुणी गुप्त पोलीस टपून बसलेला नाही. समोर येतो तो अबकारी खात्याचा माणूस. मध्य भारतातल्या संस्थानांतून अफू-गांजा चोरून इंग्रजी मुलखात उतरतो, म्हणून तिकडून येणाऱ्यांच्या पेट्या-वळकट्या तो चाचपतो. त्याला अफू हवीय. तुम्ही जवळ सरका. बघा, तो पेटी उघडायला सांगतो. पोरं क्षणभर एकमेकांकडे बघतात. पेटीत कपडे, आणि कपड्यांखाली रसायनांच्या बाटल्या. पाठोपाठ हत्यारं, काडतुसं. शिपायाचा हात कपड्यांत शिरतो आणि तिथंच थबकतो. कापडाखाली काचेला काच लागल्याचा बारीक आवाज होतो. एवढ्या गोंगाटात तो तुम्हाला ऐकू यायला नको खरं तर, पण येतो.

मग पळापळ. एकदम सगळं हलतं. पाणीवाला बाजूला उडतो, कुणाचं तरी बोचकं रुळांवर पडतं, शिट्ट्या वाजतात. तुमच्या शेजारचा म्हातारा विचारतो, “काय झालं भाऊ?” कुणीतरी ओरडतं, “चोर व्हय! धरा, धरा त्याले!”

तुम्हाला ओरडावंसं वाटतं की चोर नाहीत ते. तोंड उघडता, पण आवाज फुटत नाही. तुम्ही फक्त बघायला आला आहात.

तुमच्यासारखाच मीही या फलाटावर मनानं कितीदा उभा राहिलो आहे, आणि दर वेळी त्या म्हाताऱ्याकडे बघत राहतो. त्याचा काय दोष? त्याच्या दृष्टीनं सरकारी माणसापुढून पळणारा तो चोर. आणि पळणाऱ्यांनी काय करावं? चहूकडे जी माणसं आहेत त्यांच्यासाठीच तर हा सगळा जीवघेणा उद्योग चाललाय. या गर्दीतून वाट काढणं साहेबावर नेम धरण्यापेक्षा अवघड आहे.

दोघंही पकडले जातात. सदाशिवराव सापडतात ते अशा ठिकाणी, जिथून अकोल्याच्या वाटेवर मलकापूर लागतं. आडनावातलं गाव पन्नासेक किलोमीटरवर, आणि हातात बेड्या. राजगुरूही फार दिवस बाहेर राहत नाहीत. ३० सप्टेंबरला पुण्यात तेही पकडले जातात.

आता जळगावच्या गाडीत बसा. चोवीस-पंचवीस किलोमीटरचा प्रवास, पण उतराल तेव्हा पाच महिने उलटलेले असतील. २१ फेब्रुवारी १९३०. जळगावच्या कोर्टात भुसावळ बॉम्ब खटला चालू आहे. आज साक्षीला येणार आहेत जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष. दोघं एकेकाळी याच पक्षातले, आता माफीचे साक्षीदार. भगतसिंग आणि साथीदारांच्या गळ्यात फास अडकवणारी तोंडं हीच.

या खेपेला गर्दी वेगळी आहे. बघे, वकील, पोलीस, सगळ्यांना ठाऊक आहे आरोपी कोण आहेत. ठाऊक नाही ते एवढंच, की आझादांनी धाडलेलं पिस्तूल सदाशिवरावांचे भाऊ शंकरराव यांच्या हस्ते आत पोहोचलंय. भगवानदास संधी साधतो आणि गोळ्या झाडतो. जयगोपाल जखमी होऊन पडतो. फणींद्र घोष वाचतो. पुढं १९३२ साली बिहारात बेतियाला बैकुंठ शुक्लांनी त्याला गाठलं, आणि त्यासाठी ते १९३४ साली गयेच्या तुरुंगात फासावर गेले.

भगवानदासांना जन्मठेप झाली, सदाशिवरावांना लांब मुदतीची सक्तमजुरी. वर्षभरात आझाद अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात लढता लढता गेले. त्यानंतर महिनाभरात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव गेले. भुसावळला पकडलेले दोघं आत राहिले, आणि प्रांतात काँग्रेसची मंत्रिमंडळं आल्यावर १९३८ साली सुटले. भगवानदास पुढं हिंदीचे प्राध्यापक झाले. सत्तावनच्या स्वातंत्र्यसमराचा हिंदी साहित्यावर काय परिणाम झाला, यावर त्यांनी प्रबंध लिहिला. खानदेशात ही नावं फारशी ऐकू येत नाहीत, हे मला लागतं. ज्या फलाटावर आपण चहा पितो, तो या कथेचा मधला अंक आहे.

आता परत भुसावळला या. पण अकोल्याच्या गाडीत बसू नका. उत्तरेची धरा. खांडवा, इटारसी, भोपाळ मागं टाकत झाशीला उतरा. मार्च १९५१ आहे. भाबरा गावातल्या झोपडीत एकट्या, हलाखीत राहणाऱ्या जगरानीदेवींना, म्हणजे आझादांच्या आईला, सदाशिवरावांनी झाशीला आणलंय. तिला तीर्थयात्रा घडवलीय, तिचं सगळं पोटच्या पोरासारखं केलंय. २२ मार्चला म्हातारी जाते. ज्याच्या शब्दावर ते सामान घेऊन निघाले आणि भुसावळला उतरले, त्याच्या आईच्या चितेला अग्नी सदाशिवराव मलकापूरकर देतात.