निधि व त्याची साक्ष

(१) नाणें हें इतिहासाचें अस्सल साधन होय, हें आतां नव्यानें सांगावयास नको. परंतु या साधनाचे दोन भाग आहेत. एक नाण्यावर असतो : नांव, चिन्ह, लिपि व वजन. दुसरा नाण्याभोंवतीं असतो : तें कोठें, किती खोल, कोणत्या पात्रांत व कोणत्या इतर नाण्यांसमवेत सांपडलें. पहिला भाग संग्राहकाच्या पेटींत सुरक्षित राहतो. दुसरा उकरतांना एकदांच वाचतां येतो व न वाचल्यास कायमचा नष्ट होतो. दप्तरांतून सुटा झालेला कागद कोणाच्या घरचा हें जसें कळेनासें होतें, तशीच निधींतून सुट्या झालेल्या नाण्याची गत होते.

धातुशोधक यंत्राचा प्रसार झाल्यापासून हा भेद ध्यानांत ठेवणें विशेष अगत्याचें झालें आहे. यंत्राच्या वेटोळ्यांतील बदलत्या विद्युत्प्रवाहामुळें जमिनींतील धातूंत प्रवाह उत्पन्न होतात व त्यांचा प्रतिसाद यंत्र आवाजानें कळवितें. धातु आहे एवढेंच तें सांगतें. मातीचा थर, मडक्याचें खापर, कुजलेल्या थैलीची खूण यांविषयीं तें मुकें असतें.

(२) निधि एकत्र राहिल्यानें काय लाभतें, याचें उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. इ. स. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा निधि सांपडला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तपासलेलीं नाणीं १३,२५० च्या सुमारास भरलीं. तीं सर्व क्षहरात नहपानाचीं. मात्र त्यांपैकीं ९,२७० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता.

आतां यांतील एकच नाणें हातीं आलें असतें तर काय कळतें? सातकर्णीनें नहपानाचें एक नाणें छापलें, एवढेंच. संपूर्ण निधि पुढें असल्यामुळें शेंकडा सुमारें सत्तर हें प्रमाण कळलें. नहपान व सातकर्णी यांखेरीज तिसऱ्या राजाची मुद्रा त्यांत नव्हती. त्यावरून या दोघांमध्यें दुसऱ्या कोणाचा दीर्घ अंमल झाला नसावा, असें अनुमान निघालें. नवा ठसा नसलेलीं सुमारें चार हजार नाणींहि त्यांतच होतीं. तेव्हां दोन्ही प्रकार एकाच काळीं चलनांत असावे. नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखांत गौतमीपुत्रानें क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद केल्याचें म्हटलें आहे. मातेनें केलेली पुत्राची प्रशस्ति म्हणून त्या वचनाविषयीं कोणी साशंक राहिला असता. निधीनें त्यास हजारों साक्षी दिले.

(३) जोगळटेंभीच्या निधीस यंत्राची गरज पडली नाहीं. यंत्र हातीं असतां काय घडतें, हें पाहावयाचें तर इंग्लंडकडे वळलें पाहिजे. कारण तेथें जमीनमालकाच्या अनुमतीनें असा शोध करण्याची मोकळीक आहे. इ. स. २०१० च्या एप्रिलांत सॉमरसेट परगण्यांत फ्रोमजवळ एका शोधकास मातीचा मोठा घडा लागला. त्यानें हात आवरला व पुरातत्त्वज्ञांस बोलाविलें. त्यांनीं घडा थरांथरांनीं उपसला. ५२,५०३ रोमन नाणीं निघालीं. सर्वांत अलीकडच्या कॅरॉशियस बादशहाच्या नाण्यांचा मोठा समूह तळाकडील भागांत होता व त्यावर त्याहून जुनीं नाणीं होतीं. वर्षानुवर्षें भर घालीत गेलेला हा साठा असता, तर नवीं नाणीं वर असतीं. तेव्हां घडा एकाच प्रसंगीं भरला, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष कोणत्याहि नाण्यावर लिहिलेला नव्हता. तो केवळ क्रमांत होता.

(४) याच्या उलट हरफर्डशायरची हकीकत आहे. इ. स. २०१५ सालीं लेमिन्स्टरजवळ दोघां शोधकांस नवव्या शतकांतील निधि सांपडला. त्यांनीं तो दडविला व फोडून विकला. २०१९ सालीं त्यांस शिक्षा झाली तेव्हां अदमासें ३०० नाण्यांपैकीं अवघीं ३१ हातीं आलीं होतीं. त्यांतील कांहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड व मर्शियाचा केओलवुल्फ यांच्या नांवें, दोन सम्राट शेजारीं बसलेले दाखविणारा, एकच छाप आहे. आल्फ्रेडच्या पक्षाच्या बखरीनें केओलवुल्फास परक्यांच्या हातचें बाहुलें ठरविलें होतें. नाणीं तर त्यास बरोबरीचा मित्र दाखवितात. ही मैत्री किती काळ टिकली, हें उरलेल्या नाण्यांच्या मेळावरून अधिक निश्चित करतां आलें असतें. तो मेळच मोडला. दंडानें अपराध्यास शासन होतें. फुटलेला निधि जुळत नाहीं.

(५) निधीविषयीं आपल्याकडील विचार जुना आहे. सांपडलेला निधि न कळवितां ठेवणाऱ्याकडून तो काढून घेऊन त्यास दंड करावा, असें याज्ञवल्क्यस्मृतींत आहे. कौटिल्यानें कळविणारास सहावा अंश नेमला. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास त्याचें स्वरूप, स्थळ व दिवस कलेक्टरास लेखी कळविण्याचें बंधन घातलें. या सर्वांचा मुख्य रोख द्रव्य कोणाचें, या प्रश्नावर आहे. थर, पात्र व क्रम यांची काळजी अभ्यासकानेंच घ्यावयाची आहे.

म्हणून संग्राहक बंधूंस इतकेंच विनवावयाचें कीं, ज्या नाण्याचें गांव विकणारा सांगत नाहीं, तें कितीहि सुबक असलें तरी घेऊं नये. आपणाजवळ आधींच असलेल्या प्रत्येक नाण्याच्या पुडीवर गांव, शेत, दिवस, पात्र व सोबतचीं नाणीं यांपैकीं जें निश्चित ठाऊक असेल तें शाईनें लिहावें. नवा निधि कानीं आल्यास तो मोजण्यापूर्वीं, धुण्यापूर्वीं व वांटण्यापूर्वीं कलेक्टरास व पुरातत्त्व खात्यास कळवावें. चांदीचें मोल सराफ सांगेल. साक्षीचें मोल मात्र ती नाहींशी झाल्यावर कोणासच सांगतां येत नाहीं.