तारामती कोणाला मिळाली? पात्रनिवडीच्या इतिहासातून 'नमुना निवड' समजून घेऊ

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, "सिनेमात कलाकार कसे निवडतात?" असं आपल्या धाराशिवमध्ये कोणालाही विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं. एक तर ओळख लागते, नाहीतर नशीब लागतं. दोन्ही उत्तरं खरी वाटतात, पण तपासता येत नाहीत. आणि जे तपासता येत नाही, त्यावर सिनॉप्सिस उभा राहत नाही. म्हणून आपण प्रश्नच थोडा बदलू. कोणाची निवड झाली हे नंतर बघू. आधी विचारू की निवडणाऱ्यासमोर कोण कोण उभं राहू शकत होतं?

विज्ञानाच्या प्रयोगात आपण एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या शक्यतो तशाच ठेवतो. इतिहासात अशी सोय नाही. पण कधीकधी इतिहास स्वतःच आपल्या हातात एक जोडी ठेवतो. कथा तीच, पात्र तेच, पण निवड दोनदा झालेली. मराठी सिनेमात अशा दोन जोड्या मला फार उपयोगी वाटतात.

पहिली जोडी: तारामती

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. फाळक्यांनी नटांसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या होत्या. पुरुष मिळाले, बाई काही मिळेना. त्या काळात रंगभूमीवरही नायिका बहुतेक पुरुषच करायचे, बालगंधर्वांचा तो बहराचा काळ. सिनेमाचं काम तर त्याहून हलकं मानलं जायचं. आपण 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' कामाला आहोत असं बाहेर सांगा, असं फाळक्यांनी आपल्या माणसांना बजावलं होतं म्हणतात. नाचगाण्याच्या व्यवसायातल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

आता बाकीची पात्रं बघा. हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दामोदर दबके नाटकातून आले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. म्हणजे एकाच घरातले राजा, राणी आणि राजपुत्र तीन वेगवेगळ्या जाळ्यांतून आले: नाटक कंपनी, हॉटेल आणि दिग्दर्शकाचं स्वतःचं घर.

"त्या काळी बायका सिनेमात काम करत नसत" असं वाक्य लिहून आपण मोकळे होतो. पण त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. मग काही महिन्यांत समाज बदलला का? तसं नाही. या मायलेकी आधीपासूनच फिरत्या नाटक मंडळीत होत्या. रंगमंचावर उभं राहिल्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागायचं, ते त्यांनी आधीच ऐकून घेतलेलं होतं. म्हणजे सिनेमात काम करू शकणाऱ्या बायका होत्या, त्या फक्त पहिल्या जाळ्यात आल्या नव्हत्या. संशोधनाच्या भाषेत यालाच नमुना चौकट म्हणतात. ज्या यादीतून तुम्ही नमुना घेता, त्या यादीत जे नाही ते तुमच्या निष्कर्षातही येणार नाही.

आता १९३२ कडे या. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने हीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली. या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे. मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या, इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकलेल्या, दोन मुलांची आई. घरावर आर्थिक संकट आलं म्हणून त्या कामाला बाहेर पडल्या. आदल्या वर्षी 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी छोटी भूमिका केली, तेव्हा बरीच टीका सोसावी लागली होती.

१९ वर्षांत हॉटेलातल्या अण्णांपासून कॉलेजात शिकलेल्या दुर्गाबाईंपर्यंत! इथे थांबून "समाज पुढारला" असं लिहायचा मोह होतो. तो टाळा. या मधल्या काळात एकच गोष्ट बदललेली नाही. सिनेमाला आवाज आला, आणि पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळायची असल्यामुळे नटाला स्वतःच बोलावं आणि गावं लागे. मूकपटात साडी नेसलेला सडपातळ पुरुष चालून जायचा, बोलपटात आवाज त्याला उघडं पाडणार. शिवाय काम आता पगारी स्टुडिओत होऊ लागलं होतं. तंत्र, पैसा आणि समाज एकाच वेळी हलले. कोणाचा वाटा किती, हे या एका जोडीवरून सांगता येणार नाही. तुलना करताना हे असं स्पष्ट लिहून ठेवायची सवय आत्ताच लावून घ्या.

प्रभातचं जाळं म्हणजे मुख्यतः कंपनीचा हजेरीपट. १९३६ च्या 'संत तुकाराम'मधल्या जिजाईच्या भूमिकेतल्या गौरी कंपनीत किरकोळ कामांपासून वर आल्या होत्या. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. म्हणजे जुन्या चौकटीतला माणूस नव्या चौकटीतही बसला, पण वेगळ्याच जागी.

मधला माणूस

कास्टिंग डायरेक्टर हा स्वतंत्र माणूस आपल्याकडे तसा उशिरा आला. आधी हे काम दिग्दर्शक, निर्माता आणि त्यांचे सहाय्यकच करायचे, गर्दीसाठी पुरवठादार माणसं आणायचे. १९९४ च्या 'बँडिट क्वीन'साठी तिग्मांशू धुलिया यांनी हे काम पाहिलं. पुढे 'गँग्स ऑफ वासेपूर' (२०१२) सारख्या चित्रपटांमुळे मुकेश छाब्रा यांचं नाव सर्वसामान्य प्रेक्षकालाही कळू लागलं. हॉलिवूडमध्ये हे काम कितीतरी जुनं, पण पात्रनिवडीसाठी ऑस्कर ठेवला तो २०२५ च्या चित्रपटांपासून.

हा माणूस नेमकं करतो काय? पटकथा वाचून प्रत्येक पात्राचं वय, बोली, अंगकाठी आणि स्वभाव यांचं टिपण काढतो. मग बोलावणं पाठवतो, इच्छुकांची ओळख आणि एखादा प्रसंग कॅमेऱ्यावर घेतो, त्यातून थोडी नावं काढतो, त्यांना पुन्हा बोलावतो आणि जोडीत उभं करून बघतो. शेवटचा शब्द बहुधा दिग्दर्शक-निर्मात्याचाच असतो. पण हजारातली दहा नावं त्यांच्यापुढे ठेवणारा हाच. म्हणून मला यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ऑडिशनची वाटत नाही. बोलावणं कुठे पाठवायचं, ही पायरी जास्त महत्त्वाची.

दुसरी जोडी: आर्ची

परंड्याहून पश्चिमेला गेलं की करमाळा तालुका लागतो. नागराज मंजुळे त्याच तालुक्यातल्या जेऊरचे. 'फँड्री'चा जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे असाच त्या भागातल्या खेड्यातला मुलगा, आधी अभिनयाशी संबंध नसलेला. 'सैराट' (२०१६) साठी आर्ची सापडली अकलूजला, रिंकू राजगुरू, तेव्हा शाळेत शिकणारी. परश्या झालेला आकाश ठोसर करमाळ्याकडचा, कुस्तीतला. रिंकूला पहिल्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला.

दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, हीच कथा हिंदीत 'धडक' म्हणून आली. गाव बदलून उदयपूर झालं. नायिका होत्या जान्हवी कपूर, श्रीदेवी आणि बोनी कपूर यांच्या कन्या. नायक ईशान खट्टर, तेही सिनेमातल्याच घरातले. इथे कोण चांगलं आणि कोण वाईट हा आपला प्रश्न नाही, तो प्रेक्षकांनी सोडवावा. आपण एवढंच नोंदवू की एकाच भूमिकेचं बोलावणं एकदा अकलूजपर्यंत पोचलं, आणि दुसऱ्यांदा निवड आधीच सिनेमात असलेल्या घरांतून झाली. अकलूजच्या शाळेत मुली २०१६ च्या आधीही होत्याच. तिथे जाऊन कोणी विचारलं नव्हतं.

तुमच्या विषयासाठी

आता एक धोका सांगतो. साळुंके, दुर्गाबाई, रिंकू या सगळ्या निवड झालेल्यांच्या गोष्टी आहेत. फाळक्यांची जाहिरात वाचून आलेले आणि परत गेलेले, अकलूजच्या ऑडिशनच्या रांगेत उभे राहिलेले बाकीचे, यांच्या मुलाखती छापून येत नाहीत. फक्त यशस्वी माणसांच्या गोष्टींवरून नियम काढला, की "नशीब लागतं" हेच उत्तर येणार, कारण निवडलेल्या प्रत्येकाला आपली गोष्ट योगायोगाचीच वाटते.

म्हणून तुमचा विषय कोणताही असो, सिनॉप्सिसला बसण्याआधी तीन याद्या करा. माझ्या नमुन्यात कोण आलं? बोलावणं कोणापर्यंत गेलं, पण ते आले नाहीत? आणि बोलावणं कोणापर्यंत गेलंच नाही? तुम्ही परंडा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची प्रश्नावली मोबाईलवरून भरून घेणार असाल, तर तिसऱ्या यादीत कोण येणार हे तुम्हाला आत्ताच सांगता येईल. प्रश्नावली शाळेमार्फत पाठवणार असाल, तर शाळा सोडलेली मुलं त्या यादीत जातील.

आणि इतिहासातच काम करायचं असेल, तर आपल्या जिल्ह्यात विषय पडलेलाच आहे. १९३२ मध्ये धाराशिव हैदराबाद संस्थानात होतं, प्रभात होती कोल्हापूर संस्थानात. तुळजापूरचे गोंधळी आणि गावोगावची भारुडं करणारी मंडळी तेव्हाही रात्र रात्र लोकांना जागवत होती. त्यांच्यापैकी कोणी कधी कॅमेऱ्यासमोर गेलं का, आणि गेलं असेल तर कोणाच्या बोलावण्यावरून? घराघरांत जुने फोटो आहेत, आठवणी सांगणारी म्हातारी माणसं आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा, आणि तिसरी यादी सोबत ठेवा.