बार्शी लाईट रेल्वेच्या कोळसा-वाघिणी

कुर्डुवाडी–बार्शी–लातूर आणि कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज या अडीच फुटी (762 मिलिमीटर) नॅरोगेज मार्गावर पूर्वी दगडी कोळसा वाहणाऱ्या उघड्या, उंच कडांच्या मालवाघिणी.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप (1857–1927) या इंग्रज अभियंत्याने 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन केली आणि 1897 मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पंढरपूरला रूळ पोहोचले 1906 मध्ये, लातूरला 1911 मध्ये, मिरजेला 1927 मध्ये.

या वाघिणींची खरी थोरवी त्यांच्या सांगाड्यात आहे. यार्डाला जेमतेम तीस पौंड वजनाचे हलके रूळ टाकायचे, तर कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, हा कॅलथ्रॉपचा दंडक होता आणि तो इंजिनालाही लागू होता. म्हणून वाघिणीखाली दोन बोगी, म्हणजे चार आस. भरलेल्या वाघिणीचे एकूण वजन वीस टनांच्या आत. त्यात वाघीणच जड झाली तर माल कमी भरता येणार. त्यावर उपाय म्हणून तिची चौकट पोलादी पत्रा दाबयंत्रात दाबून घडवलेली असे. चौकट पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद, आणि उघड्या व बंद वाघिणींना सारखीच. लीड्सजवळ चाचणीमार्ग टाकून ही सामग्री आधी पारखून घेतली होती. इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेवर (1904) कॅलथ्रॉपने रुळांचे हेच अडीच फुटी माप वापरले.

कुर्डुवाडी, बार्शी आणि पंढरपूर ज्या सोलापूर जिल्ह्यात आहेत, तो काळ्या पाषाणाचा. इथे कोळशाची खाण नाही. इंजिनांसाठी लागणारा कोळसा ब्रॉडगेजने कुर्डुवाडीला येई. दोन्ही मार्गांची मापे वेगळी, त्यामुळे मोठ्या गाडीतला माल छोट्या गाडीत भरावाच लागे. धान्याची पोती निदान पाठीवर घेता येत. कोळसा फावड्याने ओढायचा, पाटीत भरायचा आणि उंच कडेवरून आत लोटायचा. पंढरीच्या आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सुटत, यात्रेकरूंसाठी मालडबेही जोडले जात. त्या गर्दीमागचे हे काळे, अंगमेहनतीचे काम रेल्वेच्या इतिहासात फारसे नोंदले गेले नाही, आणि ते नोंदले जायला हवे होते.

1954 मध्ये कंपनी सरकारकडे आली. वाफेच्या जागी डिझेल आले तशी कोळसा-वाघिणींची गरजच उरली नाही. जुनी इंजिने चबुतऱ्यावर मांडली जातात. वाघिणींना तो मान क्वचितच मिळतो. वास्तविक या मार्गाचे अभियांत्रिकी वेगळेपण इंजिनाइतकेच वाघिणीतही होते, म्हणून जतन करताना इंजिनामागे निदान एक वाघीण जोडलेली असावी.

कुर्डुवाडी–लातूर मार्गाचे रुंदीकरण 2008 मध्ये पुरे झाले, पंढरपूर–मिरज मार्गाचे त्यानंतर. आता कुर्डुवाडीला गाडी रिकामी करून दुसरी भरावी लागत नाही.