रक्तगणनेतील भाकीत आणि भारतीय रक्त

सीबीसी, म्हणजे संपूर्ण रक्तगणना, ही आपल्याकडील सर्वांत परिचित आणि स्वस्त चाचण्यांपैकी एक. तिच्या यंत्रामागे निखळ भौतिकशास्त्र आहे. वॉलेस कूल्टर या अमेरिकी अभियंत्याला १९५३ मध्ये ज्या तत्त्वाचे पेटंट मिळाले, ते असे: खारट द्रावणातील रक्तपेशी सूक्ष्म छिद्रातून जाताना तेथील विद्युतरोध क्षणभर वाढतो. असे स्पंद मोजले की पेशींची संख्या कळते आणि स्पंदाच्या उंचीवरून पेशीचे आकारमान.

अंडाशयाच्या कर्करोगाचा माग काढण्यासाठी मात्र आधी एका खास रेणूकडे आशेने पाहिले गेले. १९८३ मध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी रक्तातील सीए-१२५ मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १०१ रुग्णांपैकी ८३ जणींत त्याची पातळी ३५ एककांहून अधिक होती. ८८८ निरोगी व्यक्तींत असे प्रमाण केवळ १ टक्का होते.

पुढे २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या अनिल सूद यांच्या गटाने साध्या रक्तगणनेकडे लक्ष वेधले. ६१९ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांमध्ये निदानाच्या वेळीच प्लेटलेटची संख्या साडेचार लाखांहून अधिक होती आणि त्यांचे आयुर्मान तुलनेने कमी ठरले. कारणही उलगडले. गाठीतून स्रवणारे इंटरल्युकिन-६ यकृताला थ्रॉम्बोपोएटिन अधिक प्रमाणात तयार करायला लावते. त्यामुळे अस्थिमज्जेत प्लेटलेटची निर्मिती वाढते. गाठ पोटात असली तरी तिची खूण नेहमीच्या अहवालात उमटलेली होती.

भारतात हा आकडा वाचणे अधिक अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे, आणि लोहाच्या कमतरतेनेही प्लेटलेट वाढतात. पोटाच्या क्षयरोगात सीए-१२५ वाढते. म्हणजे ह्यूस्टनमध्ये जो आकडा गाठीविषयी बोलतो, तोच आपल्याकडे कुपोषणाविषयी किंवा क्षयाविषयी बोलत असू शकतो. म्हणून परदेशी रुग्णांवरून ठरलेली सीमारेषा जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्याच रुग्णांच्या रक्तगणना आणि उपचारानंतरची त्यांची वाटचाल यांची सांगड घालून ती नव्याने तपासावी लागते.

दुसरा धडा २०१० च्या एका मोठ्या चाचणीचा. उपचारांनंतर केवळ सीए-१२५ वाढल्याचे पाहून लगेच केमोथेरपी सुरू केली, तरी रुग्णांचे आयुष्य लांबले नाही. भाकीत अचूक असणे आणि उपयोगी असणे या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. पहिली उत्तीर्ण झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. स्वस्त रक्तचाचणीवरून रोगाची वाटचाल वर्तवणारे नवे सूत्र वाचनात आले, तर विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हे सूत्र कोणाच्या रक्तावर पारखले गेले? आणि ते कळल्यावर रुग्णासाठी काय बदलले?