छायाचित्रावरून तैलरंगातील निसर्गचित्रण

चित्रकाराने स्वतः टिपलेल्या छायाचित्रांचा आधार घेऊन तैलरंगात भूदृश्ये व सागरदृश्ये रंगविण्याच्या पद्धतीस छायाचित्राधारित तैलनिसर्गचित्रण असे म्हणता येईल. या पद्धतीत छायाचित्राचे स्थान टिपणवहीचे असते. त्याची हुबेहूब नक्कल करणे हा तिचा हेतू नव्हे. प्रत्यक्ष स्थळी बसून रंगविण्याच्या पद्धतीहून ती वेगळी असली, तरी अनेक चित्रकार दोन्हींचा मेळ घालतात. ज्या विद्यार्थ्याला समुद्र वर्षानुवर्षांतून एकदा, सहलीतच दिसतो, त्याच्यासाठी ही पद्धत सोयीपेक्षा गरजेची ठरते. समुद्रकिनारा नसलेल्या बीड जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांची हीच स्थिती आहे.

पार्श्वभूमी

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि १८४१ मध्ये अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड याने तैलरंगांसाठी कथलाच्या नळीचे एकस्व घेतले. या दोन गोष्टींनी निसर्गचित्रकाराचे काम बदलले. नळीमुळे रंग घराबाहेर नेता येऊ लागले, तर कॅमेऱ्यामुळे बाहेरचे दृश्य घरात आणता येऊ लागले. मात्र त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक उमटत असे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास आपल्या काही सागरदृश्यांत समुद्र एका काचपट्टीवरून आणि आकाश दुसरीवरून घेऊन ही अडचण सोडविली. विसाव्या शतकात जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर याने स्वतःच्या छायाचित्रांवरून सागरचित्रे रंगविताना काही ठिकाणी हाच मार्ग धरला.

मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये आणि सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचे कलाशिक्षण आणि कॅमेरा हे येथे जवळजवळ एकाच वेळी रुजले. राजा रविवर्मा छायाचित्रांचा उपयोग करीत. त्यांचे बंधू सी. राजराज वर्मा (१८६०–१९०५) हे स्वतः निसर्गचित्रकार होते. पुढे वेदाभ्यासक म्हणून ख्यातनाम झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही मूळचे ज. जी. कलाशाळेचे चित्रकार, हैदराबाद व नंतर लाहोर येथे त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचाही व्यवसाय केला. बीड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानातच होता.

तरीही महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाची प्रतिष्ठा उभी राहिली ती मुख्यतः प्रत्यक्ष स्थळी केलेल्या कामावर. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोटितीर्थ व रंकाळा परिसर अखंड निरीक्षणातून रंगविला. जलरंगांना मिळालेल्या पसंतीमागे एक व्यावहारिक कारणही आहे: जलरंग काही मिनिटांत वाळतो, तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो, आणि सावली मात्र अर्ध्या तासात सरकते.

स्वतःचेच छायाचित्र का?

स्वतः छायाचित्र घेणारा त्या जागी उभा राहिलेला असतो. वारा कोणत्या दिशेचा होता, सावलीत निळसर झाक होती की जांभळट, डोंगर डोळ्यांना किती उंच वाटला, हे त्याला आठवते. छायाचित्र ही आठवण जागी करते; दुसऱ्याच्या छायाचित्रामागे अशी आठवण नसते. शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र हा विषय असतो. त्याचा खरा उपयोग येथे होतो, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. छायाचित्र घेताच त्याच जागी पाच मिनिटांचे पेन्सिलचे टाचण करून त्यावर रंगांची नावे लिहून ठेवणे, हा या पद्धतीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

कॅमेऱ्याच्या मर्यादा

मोबाइल कॅमेऱ्याचे मुख्य भिंग रुंद कोनाचे असते. त्यामुळे जवळचा दगड मोठा आणि दूरची डोंगररांग बुटकी दिसते. बालाघाटाच्या रांगा मुळातच फार उंच नाहीत. अशा छायाचित्रात त्या क्षितिजावरील रेघेएवढ्याच उरतात. दुप्पट झूमवर घेतलेले दुसरे छायाचित्र सोबत ठेवल्यास प्रमाण सावरता येते. कॅमेरा वर कलता धरला, तर मंदिराचे शिखर मागे झुकल्यासारखे दिसते. बीड शहरातील कुंडाच्या पाण्यात उभे असलेले कंकालेश्वर मंदिर रंगविताना हा दोष हमखास शिरतो.

प्रकाशाची अडचण याहून मोठी आहे. भर उन्हात कॅमेरा एकतर आकाश जाळतो किंवा सावली काळी करतो. डोळ्याला मात्र सावलीतही रंग दिसतात. छायाचित्रातला काळा तसाच कॅनव्हासवर उतरविल्यास चित्राला भोके पडल्यासारखी वाटतात. उपाय सोपा आहे: एक छायाचित्र आकाशासाठी, एक जमिनीसाठी आणि एक सावलीसाठी घ्यावे.

बीड जिल्ह्यातील विषय

पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात भरात असतो, आणि त्या पावसात तैलरंगाचे सामान मांडून बसणे अशक्यप्राय असते. अशा ठिकाणी छायाचित्राला पर्याय नाही. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी, सिंदफणेवरील माजलगाव जलाशय, धारूरचा किल्ला आणि अंबाजोगाई परिसर हे इतर विषय होत. माजलगावचा विस्तीर्ण जलाशय सागरचित्राचा सराव करण्यासही उपयोगी पडतो, कारण क्षितिजाकडे पाण्याचा रंग कसा बदलतो आणि वाऱ्याने प्रतिबिंब कसे मोडते हे तेथे दिसते. दुष्काळी वर्षांत उघडे पडणारे जलाशयाचे तळ व भेगाळलेली काळी जमीन मात्र चित्रांत फारशी येत नाही. निसर्गचित्र म्हणजे हिरवळच, अशी समजूत त्यामागे असावी. एकाच जागेची ऑगस्ट आणि मे महिन्यांतील छायाचित्रे जवळ ठेवणारा चित्रकार नकळत प्रदेशाची नोंदही करीत असतो.

सागरदृश्य

लाट थांबत नाही, म्हणून सागरचित्रकाराला कॅमेऱ्याचा मोह अधिक पडतो. पण अतिवेगाने टिपलेली लाट काचेची केल्यासारखी गोठते. लागोपाठ दहा-बारा छायाचित्रे घेऊन लाट उठते कशी, वळते कशी आणि फुटल्यावर फेस कोठे ओसरतो, हा क्रम समजून घ्यावा व चित्रातील लाट त्यातून रचावी. कोकण किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी प्रकाश पाहणाऱ्याच्या पाठीमागून, जमिनीकडून येतो व पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर असल्याने पाणी चकाकते आणि खडक छायाकृती होतात. संध्याकाळचे छायाचित्र सुंदर दिसते, परंतु रंगांची माहिती सकाळचे देते. वाळूचा रंगही सर्वत्र सारखा नसतो: तारकर्लीची पांढुरकी, तर अलिबागची करडी. क्षितिजरेषा काटेकोर आडवी असावी. ती किंचित कलली तरी समुद्र सांडल्यासारखा भासतो.

चित्र रंगविणे

बहुतेक मोबाइल छायाचित्रांचे प्रमाण ४:३ असते. १२ × १६ किंवा १८ × २४ इंचांच्या कॅनव्हासवर ते न कापता बसते. १६ × २० इंचांसाठी मात्र कडा सोडाव्या लागतात. आरेखनासाठी चौकटी पाडण्याची जुनी पद्धत पुरेशी आहे. त्यानंतर पातळ केलेल्या तपकिरी रंगात छायाप्रकाशाची मांडणी करून वर जाड रंग चढवितात. खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल अधिक असावे, अन्यथा चित्राला तडे जाण्याचा धोका असतो. तैलरंग पाणी उडून नव्हे, तर तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळतो. त्यासाठी मुख्यतः जवसाचे तेल वापरतात. करडईचे तेल कमी पिवळे पडत असल्याने पांढऱ्या व फिकट रंगांत घालतात. करडई हे मराठवाड्याचे ओळखीचे रब्बी पीक. तथापि स्वयंपाकघरातील तेल चित्रात वापरू नये, ते नीट वाळेलच याची खात्री नसते. अंतिम व्हार्निश साधारणपणे सहा महिने ते वर्षभरानंतर देतात.

रंगकामाच्या अखेरच्या टप्प्यात छायाचित्र बाजूला ठेवण्याची प्रथा अनेक चित्रकार पाळतात. त्यापुढे चित्राला काय हवे हे चित्रच दाखवीत असते. विजेचा खांब ठेवायचा की गाळायचा, हा निर्णय कॅमेरा घेऊ शकत नाही.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्या छायाचित्राची कर्ता मानली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून महाजालावरील एखाद्याचे छायाचित्र पाहून रंगविलेले चित्र सरावापुरते ठीक असले, तरी प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी मूळ छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी. स्वतःच्या छायाचित्राबाबत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.