नाशिकमधील निवासी विभागनियमन व वाढीव बांधकाम

मूळ राहत्या घरालगत, त्याच्या मागील मोकळ्या जागेत, गच्चीवर किंवा त्याच्या अंतर्भागात विभागणी करून काढलेली दुय्यम निवासाची जागा म्हणजे निवासी वाढीव बांधकाम होय. विवाहित मुलासाठी, वृद्ध आईवडिलांसाठी अथवा भाडेकरूसाठी अशी जागा काढण्यात येते. तिला स्वतंत्र चूल व बहुधा स्वतंत्र प्रवेश असतो. नाशिक शहरात तिचे स्वरूप काळानुसार बदलत गेले. जुन्या गावठाणातील वाड्यात ती बिऱ्हाडाची खोली होती. सिडकोच्या वसाहतीत ती घरकुलावरील मजला झाली. बहुमजली इमारतींत तर खिडकीशेजारच्या कपाटाची जागा खोलीत सामावून घेण्यापर्यंत ती आकसली. या सर्व अवस्थांत गरजेपोटी बांधकाम आधी झाले आणि त्याला लागू पडेल असा नियम मागाहून आला. मधले अंतर अर्ज, हरकती, निवेदने व नियमितीकरणाचे कायदे यांनी भरून निघाले. नाशिकमधील निवासी विभागनियमनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या अंतराचा इतिहास आहे.

वाडा व बिऱ्हाड : गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुने नाशिक व डाव्या तीरावरील पंचवटी यांची वस्ती दाट असून येथील पारंपरिक घर म्हणजे लाकूड व विटा यांचा वाडा. चौक, ओसरी, माजघर व माडी अशी त्याची रचना असल्यामुळे एका छपराखाली अनेक कुटुंबे राहू शकत. तीर्थोपाध्यायांच्या घरी यात्रेकरू उतरत आणि सिंहस्थाच्या वर्षी ही संख्या कितीतरी वाढे. त्यामुळे घराचा काही भाग परक्यास राहण्यासाठी देणे ही येथे नवी गोष्ट नव्हती. १८६४ मध्ये नाशिक नगरपालिका स्थापन झाली. त्या काळातील नगरपालिकांचे लक्ष प्रामुख्याने रस्ते, गटारे, पाणी व रस्त्यावरील अतिक्रमणे यांकडे असे. वाड्याच्या आत किती चुली पेटतात, हा त्यांच्या नियमनाचा मुख्य विषय नव्हता.

ही स्थिती भाडेनियंत्रणामुळे पालटली. मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४७ मध्ये संमत झाला आणि १९४८ पासून अंमलात आला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाणभूत भाड्याचा आधार मानला. भाडेकरूला त्यामुळे संरक्षण मिळाले. परंतु मालकाचे उत्पन्न गोठले व वाड्यांच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष होऊ लागले. पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तरी जुन्या भाडेकरूंचे हक्क मोठ्या प्रमाणात कायम राहिले. वाडा पाडल्यास आपला हक्क जाईल, ही भाडेकरूची भीती आणि वाडा उभा असेतो जमिनीचे मोल हाती येत नाही, ही मालकाची अडचण, यांत अनेक वाडे अडकून पडले. पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा देण्यात येतात. तथापि दोन्ही पक्षांना मान्य होईल असा मार्ग नसल्यास नोटीस बजावूनही लोक तेथेच राहतात. सप्टेंबर २००८ मधील महापुरानंतर आखण्यात आलेल्या पूररेषांमुळे नदीकाठच्या जुन्या वस्तीत पुनर्बांधणीवर आणखी निर्बंध आले.

कायद्याची चौकट : मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ मध्ये झाला. त्याचा भर नव्या वस्तीच्या जमिनीची आखणी करण्यावर होता. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराची विकास योजना तयार करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा जानेवारी १९६७ पासून अंमलात आला. विकास योजनेत शहराच्या जमिनीची निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती इ. विभागांत वाटणी केली जाते, तर विकास नियंत्रण नियमावलीत प्रत्येक भूखंडावर किती व कसे बांधावे हे ठरविले जाते.

या बाबतीत भारतीय पद्धती व अमेरिकन पद्धती यांत लक्षणीय भेद आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये सर्वंकष विभागनियमन स्वीकारले. ओहायओ राज्यातील यूक्लिड या गावाच्या खटल्यात १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एककुटुंबी घरांच्या विभागातून बहुकुटुंबी इमारती वगळणे वैध ठरविले. तेव्हापासून तेथील वाद मुख्यत्वे एका भूखंडावर किती कुटुंबे राहावीत, या प्रश्नाभोवती फिरत राहिला. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०१६ मध्ये कायदा करून दुय्यम घरांवरील स्थानिक निर्बंध सैल केले. महाराष्ट्रात मात्र कुटुंबसंख्येपेक्षा क्षेत्रफळाला महत्त्व आले. चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाशी एकूण बांधकाम क्षेत्राचे प्रमाण), सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडावयाची मोकळी जागा), उंची व रस्त्याची रुंदी ही येथील नियमनाची मापे होत. नाशिकमध्ये दुय्यम घराची स्वतंत्र वर्गवारी रूढ झाली नाही, याचे कारण हेच. शेजाऱ्याची संमती अथवा वस्तीचे स्वरूप यांपेक्षा बांधकाम मापात बसते की नाही, हा येथे निर्णायक प्रश्न ठरतो. परिणामी खोली कोणासाठी हवी आहे, याची नोंद नियमाला घ्यावी लागत नाही.

शहराची वाढ : स्वातंत्र्योत्तर काळात गावठाणाबाहेर गंगापूर रस्ता, कॉलेज रस्ता या भागांत वसाहती वाढल्या. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेला बंगला हे तेथील घराचे आदर्श रूप होते व नियमही त्याच कल्पनेवर आधारलेले होते. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे जिल्ह्यातून व बाहेरून कामगार येऊ लागले. नोव्हेंबर १९८२ मध्ये नाशिक, नाशिक रोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या क्षेत्रातील लोकसंख्या १९९१ मध्ये सु. ६·५७ लाख होती. ती २००१ मध्ये सु. १०·७७ लाख व २०११ मध्ये सु. १४·८६ लाख झाली. वीस वर्षांत दुपटीहून अधिक झालेल्या या वस्तीला भाड्याच्या लहान जागांची मोठी निकड होती आणि नियोजित गृहनिर्माणात तिची तरतूद अपुरी होती.

सिडको वसाहतीतील घरकुले : शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) ही शासकीय कंपनी १९७० मध्ये स्थापन झाली. तिने नवीन नाशिक येथे सहा योजनांत सु. २५ हजार घरे बांधली. ती मुख्यतः अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी असून लहान भूखंडांवर एकमेकींस लागून बांधलेली आहेत. जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे बांधकामासाठी महामंडळाची संमतीही आवश्यक मानली गेली. पवननगर, सावतानगर, उत्तमनगर इ. भागांत एका पिढीनंतर ही घरे अपुरी पडू लागली. कुटुंबांनी पुढील व मागील मोकळ्या जागेत खोल्या काढल्या, जिना बाहेरून घेतला व वर मजले चढविले. वरची अथवा मागची खोली औद्योगिक वसाहतीतील कामगारास भाड्याने देणे हे अनेक घरांच्या उत्पन्नाचे साधन बनले. मूळ नियमांनुसार हे बांधकाम बहुतांशी अनधिकृत होते; मात्र ते दीर्घकाळ उघडपणे होत राहिले.

२०१८ मध्ये महानगरपालिकेने अशा वाढीव बांधकामांवर खुणा करण्यास प्रारंभ केला, तेव्हा वसाहतीत तीव्र विरोध झाला. मूळ घरच इतके लहान आहे की त्यात वाढत्या कुटुंबाने राहणे अशक्य आहे, असे रहिवाशांचे म्हणणे होते. सामासिक अंतर नाहीसे झाल्यामुळे अग्निशामक वाहनास वाट उरत नाही, तसेच एका कुटुंबासाठी आखलेल्या जलवाहिन्या व गटारे यांवर ताण येतो, ही नियमाची बाजूही निराधार नव्हती. शासनाच्या हस्तक्षेपानंतर मोहीम थांबली. प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

कपाटांचा प्रश्न : बहुमजली इमारतींत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उद्भवला. मंजूर नकाशात खिडकीशेजारी कपाट म्हणून दाखविलेली जागा चटई क्षेत्राबाहेर धरली जाई आणि प्रत्यक्षात ती खोलीत मिळविली जाई. २०१५ च्या सुमारास ही क्षेत्रे मोजणीत घेण्यात येऊ लागल्यावर शेकडो इमारती अनुज्ञेय मर्यादेबाहेर गेल्या व त्यांचे बांधकाम पूर्णत्वाचे दाखले अडकले. हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन हा फरक भरून काढावा, तर २०१६ च्या धोरणानुसार ९ मी.पेक्षा अरुंद रस्त्यांवर त्यांचा वापर करता येत नव्हता. सदनिका विकत घेतलेली सामान्य कुटुंबे यात भरडली गेली. पुढे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० चा आधार घेऊन रस्त्याकडेच्या भूखंडांतून पट्टी घेऊन रस्ते ९ मी. रुंद धरण्याचा मार्ग काढण्यात आला. एका कपाटाच्या जागेसाठी रस्त्याची रेषा बदलावी लागावी, यावरून नियमातील मापे परस्परांत किती गुंतलेली आहेत, हे दिसून येते.

अर्ज, हरकती व नियमितीकरण : नियमापुढे आपली गरज मांडण्याचे नागरिकांचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग वैयक्तिक अर्जाचा होय. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४४ खाली परवानगी मागता येते व ती नाकारल्यास कलम ४७ नुसार अपील करता येते. विशेष म्हणजे कलम ५३ खाली बांधकाम पाडण्याची नोटीस आल्यावरही ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल स्थगित राहतो. व्यवहारात त्यामुळे पुष्कळदा अर्जाची सुरुवात नोटिशीपासून होते. दुसरा मार्ग सामुदायिक आहे. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविण्यात येतात. नाशिकच्या २०१३ मधील प्रारूपास इतका विरोध झाला की, ते बाजूस ठेवून नवे प्रारूप तयार करावे लागले. सुधारित योजना २०१७ मध्ये मंजूर झाली.

तिसरा मार्ग नियमितीकरणाचा. परवानगीविना पाडलेल्या लहान भूखंडांसाठी गुंठेवारी अधिनियम २००१ मध्ये झाला. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीचा विचार होता. २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी १९६६ च्या अधिनियमात २०१७ मध्ये कलम ५२-अ घालण्यात आले. अशा कायद्यांनी अनेक कुटुंबांची घरे वाचतात. मात्र ज्याने शुल्क भरून, नकाशा मंजूर करून मर्यादेत घर बांधले, त्याच्यापेक्षा न विचारता बांधणारा अधिक लाभात राहतो, हा त्यांवरील आक्षेप गंभीर आहे. तसेच प्रत्येक नव्या मुदतीमुळे पुढील मुदतीची अपेक्षा निर्माण होते.

एकीकृत नियमावली : डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यासाठी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. निवासी इमारतींत प्रस्तावित चटई क्षेत्राच्या ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून अनुज्ञेय करण्यात आल्याने सज्जा, जिना, कपाटे यांविषयीचे पूर्वीचे बरेच वाद नव्या इमारतींपुरते मिटले. १५० चौ. मी.पर्यंतच्या भूखंडावरील लहान घरासाठी आवश्यक कागदपत्रे व शुल्क सादर केल्याची पावती हीच परवानगी मानण्याची तरतूद झाली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास अर्ज करणे त्यामुळे सुलभ झाले. तथापि सामासिक अंतर व सुरक्षिततेच्या अटी कायम असल्याने, आधीच सीमेपर्यंत बांधलेल्या जुन्या घरांना तिचा लाभ मर्यादितच मिळतो.

नाशिकच्या अनुभवावरून असे दिसते की, वाढीव खोलीची गरज नियमाने नाहीशी होत नाही. ती केवळ परवानगीच्या कक्षेबाहेर जाते. कक्षेबाहेरच्या खोलीतील भाडेकरूस बहुधा करारपत्र मिळत नाही, मालकास कर्ज मिळण्यात अडचण येते आणि जिना, भिंत व वीजजोडणी यांची तपासणी होत नाही. मापे निश्चित करताना शहरातील घरे प्रत्यक्षात कशी वाढतात याची दखल घेतली गेली, तरच सुरक्षिततेच्या अटींचे पालन व्यवहारात शक्य होईल.